या घरात नेहमी राहणारी माणसे

प्रश्न १. या घरात नेहमी राहणारी माणसे किती?

तीन. मी, बायको मनाली आणि नऊ वर्षांची पूर्वा. मनाली त्या दिवशी मस्कतमध्ये नव्हती. बहिणीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे पुण्याला गेली होती. पण थोड्या दिवसांसाठी बाहेर गेलेलं माणूस घरातच धरायचं, असं पाहणीवाल्या मुलीने सांगितलं. धरलं.

मुलीचं नाव शम्सा. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती आमच्या गुब्रातल्या फ्लॅटवर आली. काळा अबाया, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. कोणाच्या घरात किती माणसं आणि कोणाचं कोणाशी काय नातं, एवढंच विचारायला ती आली होती. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

हा देश आकाराने महाराष्ट्राएवढा. माणसं मात्र पन्नास-बावन्न लाख, आणि त्यांतली शंभरातली चाळीसहून जास्त बाहेरून आलेली. निझवा मागे टाकून दक्षिणेला गाडी काढली की तासभर एक घर दिसत नाही. इतक्या विरळ ठिकाणी एखादा माणूस मोजायचा राहिला तर ते लगेच लक्षात येत असेल, असं मला वाटायचं.

प्रश्न २ आणि ३ खोल्यांचे आणि पाण्याचे होते. त्यांत माझ्याकडून काही चूक झाली नाही.

प्रश्न ४. आत आणखी कोणी आहे का?

होतं. स्वयंपाकघरात माझे वडील सुरमई तळत होते.

मी म्हणालो, "कुक आहे. दिवसा येतो. रुसैलला राहतो, कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये."

यातलं अर्धं खरं होतं. बोलताना मी खऱ्या अर्ध्यावर जोर दिला.

प्रश्न ४ च्या आधी

बाबा खरोखरच रुसैलला राहतात. तिथल्या औद्योगिक वसाहतीत पाइपांचे सांधे बनवणारा एक कारखाना आहे, त्यात ते टर्नर आहेत. एका खोलीत सहा जण, एका मेसमध्ये चौदा. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा ते देवगडजवळच्या आमच्या गावातून निघाले. पहिली काही वर्षं बरक्याला बर्फाच्या कारखान्यात, मग रुसैल. तीस वर्षांत तेरा सुट्ट्या. सगळ्या मिळून त्यांचे-माझे एका छपराखालचे वीस महिने भरतील.

इथे बायको-पोरांशिवाय राहणाऱ्या माणसाला बॅचलर म्हणतात. मग त्याला नातवंडं का असेनात. पूर्वाला हे फार मजेशीर वाटलं होतं.

"आजोबा, तुम्ही बॅचलर आहात? मग आजी कोण आहे?"

"आजी फॅमिली," बाबा म्हणाले. "ती तिकडे फॅमिली, मी हय बॅचलर. सरकारी हिशेब असो आसा, बाय."

सहा वर्षांपूर्वी मी इंजिनिअर म्हणून मस्कतला आलो. रुसैलहून गुब्रा वीस-पंचवीस मिनिटांवर. तरी बाबा आमच्याकडे वर्षातून दोनदा यायचे, ईदच्या सुट्टीत, आणि जेवून परत जायचे. मी त्यांना सांगून ठेवलं होतं की आमची इमारत फॅमिलीची आहे, बॅचलर माणसं राहिलेली मालकाला चालत नाहीत. मालकाचा तसा नियम आहे. तो भाडेकरूंसाठी आहे, भाडेकरूच्या बापासाठी नाही. हे बाबांना कळत नव्हतं असं मी समजत होतो.

मनालीचं जायचं ठरलं तेव्हा पूर्वा शाळेतून आल्यावर घरात कोण, हा प्रश्न आला. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीच फोन केला. "माझी रजा झाली मंजूर. गावाक जावच्या आदी तीन आठवडे तुझ्याकडे काडतंय. तुझ्या आयेक सांगलंय मी. ती म्हणता, जावा, पोरीक आजो कळांदे."

ते एक बॅग घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून घर त्यांच्या ताब्यात गेलं. रुसैलहून त्यांचा खोलीतला सोबती इक्बाल रोज फोन करायचा. "बाळाकाका, तुमच्याशिवाय मेसची पार वाट लागली. डाळ कोण करतंय माहितीये? सुतार!" बाबा फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत त्याला मीठ किती ते सांगायचे. पूर्वा ओट्यावर बसून ऐकायची. आठवडाभरात तिला सगळ्या माशांची मराठी नावं पाठ झाली.

मला हे सगळं आवडत होतं, हेही इथे लिहायला हवं. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला ते नको होते.

प्रश्न ४ च्या अगदी आधी

शम्सा येण्याच्या अर्धा तास आधी कृष्णकांत सर आले. ते माझे साहेब, आणि राहतात आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. एका निविदेचे आकडे बघायचे होते. दार बाबांनी उघडलं. लुंगी, बनियन, हातात उलथणं.

"अरे वा!" सर मला आतून येताना बघून म्हणाले. "मनाली नाही तर कुक ठेवलास? लेका, मजा आहे तुझी."

मी म्हणालो, "हं."

फक्त एवढंच. पण या "हं"मागे सहा वर्षं होती. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सरांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणालो, गावी असतात, आंब्याची बाग आहे. बागेत सहा कलमं आहेत आणि ती आई बघते. सर कोथरूडचे, खूश झाले. "म्हणजे मे महिन्यात आमची सोय झाली." तेव्हापासून दर मे महिन्यात मी रुवीतल्या दुकानातून हापूसची पेटी घेतो, तिच्यावरचं लेबल काढतो आणि सरांना देतो. सर दर वर्षी पहिला आंबा खाऊन मला फोन करतात. "बाबांना सांग, यंदाचा माल गेल्या वर्षीपेक्षा सरस आहे."

तो बागायतदार आता बनियनवर दारात उभा होता.

बाबांनी माझं "हं" ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सरांना म्हणाले, "बसा साहेब. चहा ठेवतो." माझ्यासमोर मालवणी बोलणारे बाबा सरांशी एकदम पुस्तकातलं मराठी बोलले. त्यांना ते येतं हे मला ठाऊक नव्हतं.

प्रश्न ५. त्याचे कुटुंबप्रमुखाशी नाते?

शम्साने टॅबलेटवर बोट फिरवलं. "नातं नाही, म्हणजे घरकामगार. रात्री इथे झोपतो का?"

"नाही," मी म्हणालो. बाबांची गादी पूर्वाच्या खोलीत होती. दार अर्धं उघडं होतं. सर सोफ्यावर मोबाइल बघत बसले होते.

बाबा चहाचा ट्रे घेऊन आले. शम्साने शुक्रन म्हटलं तशी त्यांनी अरबीत काहीतरी उत्तर दिलं. तिने मान वर केली आणि चेहराच बदलला. माझं अरबी यल्ला, खलास, इन्शाल्लापलीकडे फारसं जात नाही. बाबा मात्र बर्फाच्या कारखान्यात कोळ्यांबरोबर वाढलेलं अरबी बोलत होते, घाईचं, हेल काढून. बरका, बरका असं ऐकू येत होतं. ती बरक्याचीच निघाली. बाबांनी मासळीबाजारातला कोणीतरी नकलून दाखवला. "वल्ला?" म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसली. सरही काही न कळता हसले.

"भारी कुक आहे रे," ते म्हणाले.

मग शम्साने काहीतरी विचारलं आणि उत्तरात मला एकच शब्द कळला. वलद. मुलगा.

बाबा शांतपणे बोलत राहिले, कपबश्या लावत.

तेवढ्यात पूर्वा खोलीतून बाहेर आली. शम्साने तिला जवळ बोलावलं, नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. मग सहज, लहान मुलांशी बोलतात तसं, बाबांकडे बोट करून इंग्रजीत म्हणाली, "आणि हे कोण?"

पूर्वाने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच केलं नाही. डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही. शपथेवर सांगतो. मी फक्त तिच्याकडे पाहत होतो, आणि तेवढ्यावरून तिला कळलं.

"ही मेक्स ब्रेकफास्ट," पूर्वा इंग्रजीतच म्हणाली.

खोटं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीने उभ्या उभ्या असं वाक्य शोधून काढलं ज्यात खोटं काही नव्हतं. हे ती माझ्याकडून शिकली. कधी शिकली, ते मला माहीत नाही.

फॉर्मवर नसलेला प्रश्न

शम्साला सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. तिला खरं सांगायलाच गेलो होतो, असं मी आता म्हणू शकतो.

"तुमचा कुक फार गोड माणूस आहे," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा इंजिनिअर आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"कुठे असतो?"

"गावाला, म्हणाले. आईजवळ. म्हणून त्यांना काळजी नाही."

लिफ्ट आली. ती गेली.

मी सहा वर्षं बाबांना गावी ठेवलं होतं. त्यांनी दोन मिनिटांत मला तिकडे ठेवून दिलं.

घरात परत आलो तर सर सुरमई खात होते. एक तुकडा संपवून दुसरा घेत होते. "काय नाव तुमचं? बाळकृष्ण? बाळकृष्ण, गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे आठ-दहा माणसं आहेत. येता का करायला? मासे मी आणून देतो. स्वरूप, चालेल ना रे तुला?"

मी तोंड उघडलं.

"येतो साहेब," बाबा म्हणाले. "चार वाजता येतो. सुरमई आणाल ती मोठी आणा. बारकीत चव नसते."

प्रश्न ४, पुन्हा

मंगळवारी ऑफिसात फोन आला. पाहणीची खातरजमा करणारा कोणी माणूस होता, इंग्रजीत बोलणारा, कंटाळलेला. घरातली माणसं तीन, बरोबर? मी उठून जिन्यात गेलो.

"एक चूक झाली आहे," मी म्हणालो. "चौथं माणूस आहे. घरकामगार म्हणून लिहिलंय. ते माझे वडील आहेत."

"ओके. तुमच्याकडे कधीपासून राहतात?"

"दोन आठवडे झाले."

"आणखी किती दिवस?"

"एक आठवडा."

"मग एरवी कुठे राहतात?"

मी सांगितलं.

"सर, मग ते तिथेच मोजले जातील. कामगारांच्या सामूहिक निवासात. तुमच्याकडे ते पाहुणे. पाहुणे मोजत नाहीत."

"पण नातं चुकीचं लिहिलंय."

"जो घरात मोजलाच नाही त्याचं नातं आम्ही ठेवत नाही, सर. माणूस दोनदा मोजता येत नाही. तुमची नोंद बरोबर आहे. तीन. धन्यवाद."

म्हणजे शनिवारी मी शम्साला "माझे वडील" असं म्हटलं असतं तरी आकडा तीनच राहिला असता. माझ्या खोट्याने कागदावर काहीही बदललं नव्हतं. खरं बोलायला काहीच मोजावं लागणार नव्हतं. जिन्यात उभं राहून मला याचीच सर्वांत जास्त लाज वाटली: खोटं फुकट बोललो होतो. आता दुरुस्त करायची जागा फॉर्ममध्ये नव्हती. ती दुसऱ्या मजल्यावर होती.

प्रश्न ६. उत्तर कोणी दिले?

त्या शनिवारपासून बाबा आमच्यानंतर जेवायला लागले. "तुम्ही बसा, मी गरम वाढतंय." बेल वाजली की आत जायचे. रागाने नव्हे. एखादी वस्तू पायात येऊ नये म्हणून आपण बाजूला ठेवतो तसं ते स्वतःला ठेवायचे.

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला मी म्हणालो, "बाबा, गुरुवारी तुम्ही जाऊ नका."

"कित्याक?"

"ते तुम्हाला जेवायला नाही, जेवण करायला बोलावतायत."

"माका कळता तां. मी काय खुळो नाय. येतंय म्हणून सांगलंय, आता मोडूचा कसा?"

"मग मी सरांना खरं सांगतो."

त्यांनी कढीचं भांडं खाली ठेवलं. "काय सांगतलंस? इतकी वर्सा आंबे खंयचे दिलंस, तां पण सांगतलंस?"

आंब्यांचं त्यांना माहीत होतं. आईने सांगितलं असेल, किंवा मनालीने. मी विचारलं नाही.

"तुझो साहेब आसा तो," बाबा म्हणाले. "तुका तेच्या हाताखाली आजून धा वर्सा काडूची आसत. माका तेची एक सांज. सोड. जेव."

पूर्वा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मालवणी तिला पुरती कळत नाही. तिला सगळं कळत होतं.

प्रश्न ७

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी आणि पूर्वा सरांकडे गेलो. पाहुणे दहा-बारा होते, निम्मे पुण्याचे, निम्मे मुंबईचे. बाबा चार वाजल्यापासून आत होते. त्यांनी माझा जुना निळा शर्ट घातला होता, इस्त्री करून. पूर्वा मुलांच्या खोलीत गेली. मध्ये एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात पाणी मागायला आली. त्यांना कशानेही हाक न मारता तिने पाणी मागितलं, प्यायली आणि गेली.

ते पाहिल्यावर मी ठरवलं.

सर हातात बशी घेऊन मध्ये उभे होते. "मंडळी, ही सुरमई खा आणि मग बोला. स्वरूप, हा माणूस मी पळवणार आहे. अरे, सांग ना, काय पगार ठरवला आहेस तू याचा?"

"सर," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ते कुक नाहीत. ते माझे बाबा आहेत."

कोणीतरी चमचा ठेवला. सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा ताटली घेऊन दारातच होते. मला वाटलं, झालं. जे व्हायचं ते झालं, आता पुढचं सोपं आहे.

"बघा," बाबा हसत म्हणाले. "आमचे साहेब असंच बोलतात. पहिल्या दिवसापासून. म्हणतात, तुम्ही मला वडिलांच्या जागी. एवढा मान कोण देतो हो कामाच्या माणसाला? आमचं नशीब."

एक बाई म्हणाल्या, "किती छान! खरंच, हल्ली असं कोण वागवतं?"

"आमच्या शेजारी बघा, कुकला लिफ्ट वापरू देत नाहीत."

"संस्कार असतात हे. गावाकडचे संस्कार."

सर जवळ आले. त्यांचे डोळे ओले झाले होते, हे मला त्यांच्यावर अन्याय न करता लिहायला हवं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "स्वरूप, तुला एवढी वर्षं ओळखतो, पण हे माहीत नव्हतं. मोठा आहेस तू. अरे, याच्या बाबांना कोणीतरी कळवा, मुलगा कसा आहे ते."

लोक हसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एक-दोघांनीच, पण वाजवल्या.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, सरळ, पहिल्यांदाच त्या शनिवारनंतर. त्या बघण्यात माफी नव्हती आणि रागही नव्हता. ते वाट बघत होते असं मला वाटलं. एकदा बोललेलं माणूस दुसऱ्यांदा बोलू शकतं. "नाही, खरोखरचे" एवढे दोन शब्द लागले असते. सरांचा हात खांद्यावर होता, गरम आणि जड, आणि सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांवर माझ्याविषयी असं प्रेम होतं जे मस्कतमध्ये मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

मी थोडा हसलो. मान खाली घातली, स्तुती ऐकून लाजतात तशी.

बाबांनी ते पाहिलं. मग ताटली घेऊन ते फिरले, आधी बायकांकडे, मग पुरुषांकडे, प्रत्येकाला एक एक तुकडा. माझ्यापाशी आले.

"घ्या साहेब," ते म्हणाले. "गरम आहे."

मी घेतला.